लायपोसोम गळले, पण बुडबुड्यांमुळे की उष्णतेमुळे? बेळगावातलं एक कॅव्हिटेशन प्रकरण

बेळगावातल्या एका फार्मसी महाविद्यालयाच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत कमी खर्चात एक प्रकल्प उभा राहिला. औषध लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरायचं, सोबत वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि बाहेरून अल्ट्रासाऊंड देऊन हव्या त्या जागीच पिशव्या फोडायच्या. ध्वनीच्या दाबाबरोबर बुडबुडा फुगतो, आक्रसतो आणि दाब पुरेसा असला तर कोसळतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळताना उठणारे झोत आणि धक्के शेजारच्या पिशवीचं आवरण फाडतात, अशी कल्पना.

यंत्र म्हणून फिजिओथेरपीचं १ मेगाहर्ट्झचं मशीन घेतलं. प्रोबचं परिणामकारक क्षेत्रफळ ५ चौरस सेंटीमीटर. औषधाऐवजी कॅल्सीन हा हिरवा चमकणारा रंग वापरला, आणि तो निर्णय योग्यच होता. पद्धत बसल्याशिवाय डॉक्सोरुबिसिनसारख्या पेशीघातक औषधाला हात लावू नये. पहिल्या फेरीत गळती भरपूर दिसली आणि अहवालात "कॅव्हिटेशनने नियंत्रित मुक्तता" असं शीर्षकही पडलं. मग कुणीतरी बुडबुडे न घालता तोच प्रयोग केला. गळती जवळजवळ तेवढीच निघाली.

पहिल्या मांडणीत काय होतं

प्रोब टेबलावर उताणा, त्यावर जेल, जेलवर २४ कप्प्यांची पॉलिस्टायरीनची प्लेट, कप्प्यात २ मिली द्रव. मशीन अखंड मोडवर, २ वॉट प्रति चौ.सेंमी, पाच मिनिटं. दर मिनिटाला २० मायक्रोलीटर नमुना काढून, गळालेल्या रंगाची चमक मोजणाऱ्या फ्लुओरिमीटरमध्ये. लायपोसोम डीपीपीसी या लिपिडचे, त्यात ५ मोल टक्के पेग-लिपिड (पेग या पॉलिमरची साखळी जोडलेलं लिपिड). डीपीपीसी निवडायचं कारण व्यवहाराचं होतं: मिळतं सहज, आणि रोटरी इव्हॅपोरेटरच्या ५० अंशांच्या पाण्यात व्यवस्थित भिजतं.

गोम इथेच आहे. डीपीपीसीचा थर ४१ अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून पातळ अवस्थेत जातो आणि त्या टप्प्यावर त्याला गळती लागते. आता हिशोब करू. २ वॉट गुणिले ५ चौ.सेंमी म्हणजे १० वॉट, पाच मिनिटांत ३,००० ज्यूल. २ मिली पाणी एक अंशाने तापवायला ८.४ ज्यूल पुरतात. त्या ३,००० पैकी फक्त २ टक्के, म्हणजे ६० ज्यूल द्रवात आणि कप्प्याच्या तळात मुरले तरी तापमान सुमारे ७ अंशांनी चढतं. शिवाय प्रोबचा चेहरा स्वतःच तापतो आणि जेलमधून ती ऊब वर येते, ती वेगळीच. एप्रिलच्या दुपारी बेळगावात पंख्याखालच्या खोलीतही पारा पस्तिशीजवळ असतो. ३५ अधिक ७ म्हणजे ४२. पिशव्या बुडबुड्यांनी नव्हे, उष्णतेने उघडल्या होत्या. हाच प्रयोग डिसेंबरच्या सकाळी केला असता तर गळती बरीच कमी दिसली असती आणि दोष भलत्याच गोष्टीवर गेला असता.

उष्णतेने औषध सोडवणं काही वाईट नाही. ऑक्सफर्डच्या टार्डॉक्स चाचणीत, जिचे निकाल २०१८ मध्ये आले, यकृतातल्या गाठी असलेल्या १० रुग्णांवर केंद्रित अल्ट्रासाऊंडने नेमकं हेच केलं: गाठ कोमट केली आणि उष्णतेला संवेदनशील लायपोसोममधून डॉक्सोरुबिसिन सोडवलं. पण तिथे उष्णता हाच हेतू होता. तीच चाचणी कॅव्हिटेशनचा दाखला म्हणून संदर्भात टाकणं, जे या प्रकल्पात झालं होतं, ही सरळ गल्लत आहे.

नमुना काढला की दाब बदलतो

दुसरा दोष जास्त फसवा. कप्प्यातल्या द्रवाच्या वर हवा असते, आणि पाणी-हवेच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ पूर्ण परततो. जाणारी आणि येणारी लहर मिळून स्थिर लहर तयार होते. काही पातळ्यांवर दाब दुप्पट, काहींवर शून्य. १ मेगाहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी १.५ मिमी, म्हणजे द्रवाची उंची पाव तरंगलांबीने, ०.३७५ मिमीने बदलली की अनुनाद असलेला स्तंभ अनुनादाबाहेर जातो. २४ कप्प्यांच्या प्लेटमध्ये एका कप्प्याचं क्षेत्रफळ सुमारे १.९ चौ.सेंमी. म्हणजे ०.३७५ मिमी उंची म्हणजे अवघा ०.०७ मिली द्रव. २० मायक्रोलीटरचे चार नमुने काढले की प्रयोगाची ध्वनिस्थिती पूर्ण उलटलेली असते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटानंतर आलेख सपाट झाला, तो "मुक्तता पूर्ण झाली" म्हणून नव्हे. निदान तसं म्हणायला आधार नाही.

स्थिर लहरीत बुडबुडेही जागेवर राहत नाहीत. अनुनादी आकारापेक्षा लहान बुडबुडे जास्त दाबाच्या पातळ्यांकडे ओढले जातात, मोठे कमी दाबाच्या. तिथे ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. डोळ्याला आडवे पांढरे पट्टे दिसले तर ती मांडणी टाकून द्यावी.

नवी मांडणी

उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १० मिमी जाडीच्या अॅक्रिलिकची ३० × २० × २० सेंमीची टाकी करून घेतली. प्रोब एका टोकाला आडवा, पाण्यात बुडालेला, ३० सेंमीच्या दिशेने रोखलेला. पाण्यात बुडवताना प्रोबच्या चेहऱ्यावर बसलेले हवेचे कण ओल्या ब्रशने पुसावे लागतात, नाहीतर मशीनचा संपर्क-सेन्सर "संपर्क नाही" असं समजून मधेच उत्पादन बंद करतो आणि टायमर मात्र चालूच राहतो.

नमुन्याची कुपी म्हणजे १० मिमी जाडीची अॅक्रिलिकची चकती, मधे १० मिमी व्यासाचं आरपार भोक, दोन्ही तोंडांना १२ ते २५ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म ओ-रिंगने ताणलेली. आतलं आकारमान जेमतेम ०.८ मिली. एवढी पातळ फिल्म १ मेगाहर्ट्झच्या ध्वनीला जवळजवळ दिसतच नाही. बाजूने दोन बारीक छिद्रं, एक भरायला आणि एक हवा बाहेर जायला. आधीच्या आराखड्यात भोक २० मिमीचं होतं. ते का बदललं ते पुढे येईल.

कुपी कुठे धरायची? प्रोबच्या अगदी जवळ धरणं ही नेहमीची चूक. ५ चौ.सेंमीच्या गोल चेहऱ्याची त्रिज्या १२.६ मिमी. त्रिज्येचा वर्ग भागिले तरंगलांबी, म्हणजे सुमारे १०६ मिमी, इथपर्यंत जवळचं क्षेत्र पसरलेलं असतं आणि त्यात दाब मिलिमीटरगणिक वरखाली होतो. १०६ मिमीवर अक्षावरचा शेवटचा मोठा दाब येतो, त्यापुढे तो शांतपणे उतरतो. कुपीचा मध्य तिथेच हवा. त्या जागी शलाकेची रुंदी (तीव्रता निम्मी होईपर्यंतची) साधारण ६.५ मिमी. २० मिमीच्या भोकात तिने नमुन्याचा फक्त दहावा भाग झाकला असता आणि सगळ्या पिशव्या फुटल्या तरी गळती १० टक्क्यांच्या आसपासच दिसली असती. १० मिमीच्या भोकात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या थोडं वर जातं. हाच आकडा अहवालात पहिल्या पानावर हवा.

कुपीच्या मागे ध्वनी परतू नये म्हणून शोषक लागतो. विकतचा शोषक महाग. त्याऐवजी पुढच्या तोंडाला फिल्म लावलेला डबा एरंडेल तेलाने भरला. एरंडेलाचा ध्वनिरोध पाण्याच्या जवळ असल्याने लहर सीमेवर फारशी परतत नाही आणि आत शिरून जिरते. १ मेगाहर्ट्झला दर सेंटीमीटरला सुमारे १ डेसिबल. १० सेंमी खोल डब्यात जाऊन-येऊन २० डेसिबलच्या घरात घट मिळते. तेल भरल्यावर डबा रात्रभर ठेवावा, कारण घट्ट तेलातले हवेचे कण सावकाश वर येतात.

दोन पाणी, दोन नियम

टाकीतलं पाणी वायुमुक्त हवं, नाहीतर बुडबुडे टाकीभर होतात आणि कुपीपर्यंत ध्वनी पोचतच नाही. बोअरचं पाणी इथे चालत नाही: ते उकळल्यावर क्षाराचे पापुद्रे सुटतात आणि प्रत्येक पापुद्रा बुडबुड्याचं बीज ठरतो. डिस्टिल्ड पाणी १० लिटर, झाकण ठेवून २० मिनिटं खळखळ उकळायचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे, पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून ते बिघडलेलं नसतं. गार होताना भांडं काठोकाठ भरलेलं आणि बंद असावं. टाकीत ओतायचं नाही, नळीचं टोक तळाला ठेवून सायफनने सोडायचं. विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली आला की काम भागतं. लिटरला ४ ग्रॅम सोडियम सल्फाइट घालण्याचीही पद्धत आहे, पण ते फक्त प्राणवायू खातं. नायट्रोजन तसाच राहतो. उकळणं जास्त प्रामाणिक.

कुपीतल्या द्रवाला मात्र उलटा नियम. तिथे वायुमुक्त बफर घातला तर सूक्ष्म बुडबुड्यांतला वायू भुकेल्या द्रवात झपाट्याने विरघळतो आणि ध्वनी सुरू होण्याआधीच बुडबुडे संपतात. कुपीत खोलीच्या हवेशी समतोल असलेला बफरच हवा.

टाकी ३७ अंशांवर ठेवायला पाण्यात बुडवायचा छोटा हीटर पुरतो. पंप नको, तो हवा मिसळतो. मोजणीच्या वेळी हीटर बंद. आणि पाण्यात मुख्य विजेवरचा हीटर, प्रोब आणि माणसाचा हात एकत्र येणार असल्याने ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय प्लग घालायचा नाही.

मशीनचं म्हणणं खरं मानू नये

फिजिओ मशीनच्या पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष शक्ती यांत फरक असतो; नियमच २० टक्क्यांची सूट देतो, आणि जुन्या प्रोबची गोष्ट आणखी वेगळी. हायड्रोफोन (पाण्यातला ध्वनिदाब मोजणारा माइक) नसला तरी फार्मसीच्या प्रयोगशाळेत विश्लेषक तराजू असतोच. तराजूवर बीकर, बीकरच्या तळाशी खाचा पाडलेलं सिलिकॉन, वर पाणी, आणि स्टँडला बांधलेला प्रोब बीकरला न टेकता पाण्यात. ध्वनीचा पूर्ण शोषला गेलेला दर १ वॉट तराजूवर सुमारे ६८ मिलिग्रॅम दाखवतो. १० वॉटला ०.६८ ग्रॅम दिसायला हवेत. वाचन चालू केल्यावर २-३ सेकंदांत घ्यायचं, नंतर पाणी तापून प्रवाह सुरू होतात. सिलिकॉनखाली हवा अडकली तर ध्वनी परततो आणि आकडा खोटा वाढतो. हे माप सकाळी आणि दुपारी दोनदा घ्यावं, कारण व्होल्टेज पडलं की स्वस्त मशीनची शक्तीही पडते.

दाबाचा हिशोब असा. १ वॉट प्रति चौ.सेंमीला चेहऱ्यावरचा दाब सुमारे ०.१७ मेगापास्कल, आणि १०६ मिमीवर आदर्श प्रोब त्याच्या दुप्पट देतो: ०.३५. २ वॉटला ०.४९. कॅव्हिटेशनची शक्यता सांगणारा मेकॅनिकल इंडेक्स म्हणजे ऋण दाब (मेगापास्कलमध्ये) भागिले वारंवारतेचं (मेगाहर्ट्झमध्ये) वर्गमूळ. १ मेगाहर्ट्झला दोन्ही आकडे एकच. निदानासाठीच्या सोनोग्राफीची वरची मर्यादा १.९ आहे. म्हणजे शुद्ध पाण्यात इथे काही घडणार नाही, पण सूक्ष्म बुडबुडे हजर असतील तर हा पल्ला पुरेसा आहे. मोड अखंड नव्हे, १ ला ४: २ मिलिसेकंद चालू, ८ बंद. सरासरी उष्णता पाचव्या हिश्शावर येते आणि बुडबुडेही जास्त टिकतात.

बुडबुड्यांसाठी सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या सोनोव्ह्यूसारखी तयार बाटली वापरता येते: ५ मिली सलाईन घातल्यावर सरासरी २.५ मायक्रॉनचे, सल्फर हेक्झाफ्लोराइड भरलेले बुडबुडे मिळतात आणि ते ६ तासांत वापरायचे असतात. सुई १८ किंवा २० गेजची; बारीक सुईतून जोराने ढकलले तर बरेच वाटेतच फुटतात. २.५ मायक्रॉनचा बुडबुडा १ सेंमी वर चढायला पाऊण तासाहून जास्त घेतो, ८ मायक्रॉनचा पाच मिनिटांत पोचतो. म्हणून कुपी भरल्यावर वेळ न दवडता ध्वनी द्यायचा आणि दर वेळी आधी बाटली हलक्या हाताने उलटीपालटी करायची. संख्या रक्तपेशी मोजायच्या काचेवर, न्यूबॉअर चेंबरमध्ये मोजता येते, पण फोकस वरच्या काचेखाली लावायचा: रक्तपेशी तळाला बसतात, बुडबुडे वर.

ऐकल्याशिवाय कॅव्हिटेशन म्हणू नये

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची भर म्हणजे दुसरा कान. बेळगाव फाउंड्रीचं गाव आहे आणि ओतकाम तपासायला ५ मेगाहर्ट्झचे अल्ट्रासॉनिक प्रोब इथे सर्रास वापरले जातात. पाण्यात बुडवायच्या जातीचा प्रोब मिळाला तर उत्तम. साधा संपर्काचा असेल तर फक्त चेहरा बुडवायचा आणि कनेक्टर एपॉक्सीने बंद करायचा. तो ४५ अंशांत तिरपा, कुपीच्या मध्यावर रोखून, ६० मिमी अंतरावर लावला. पुढे २ मेगाहर्ट्झखालचं सगळं अडवणारा फिल्टर, २० ते ३० डेसिबलचा प्रवर्धक आणि ५० मेगासँपल प्रति सेकंदाचा ऑसिलोस्कोप. २ मिलिसेकंदांच्या एका स्पंदात १ लाख बिंदू मिळतात.

ऐकलेला आवाज वारंवारतांत वेगळा करून आलेख काढायचा. बुडबुडा स्थिरपणे डोलत असेल तर त्यात मूळ वारंवारतेच्या पटी आणि त्यांच्या मधल्या दीडपट, अडीचपट रेषा दिसतात. कोसळत असेल तर रेषांच्या मधली जमीनच, म्हणजे पायाचा गोंगाट, वर उचलली जाते. ५ मेगाहर्ट्झचा प्रोब अर्ध्या मेगाहर्ट्झची रेषा नीट ऐकत नाही, म्हणून इथे ३ ते ७ मेगाहर्ट्झमधल्या जमिनीवर लक्ष ठेवायचं: प्रत्येक पटीच्या आणि अर्धपटीच्या दोन्ही बाजूंचे ५० किलोहर्ट्झ वगळून उरलेल्याची बेरीज.

फिजिओ मशीनसोबत दोन खोड्या येतात. त्याचं उत्पादन शुद्ध साइन नसतं. ३ आणि ५ मेगाहर्ट्झ त्यात आधीपासूनच असतात, त्यामुळे तिथल्या रेषा बुडबुड्यांच्या खात्यावर लिहायच्या नाहीत. दुसरी खोडी म्हणजे तापल्यावर वारंवारता सरकते. वगळायचे पट्टे ठरावीक आकड्यांवर ठेवले तर रेषाच जमिनीत मोजली जाते. दर स्पंदाला मूळ वारंवारता नव्याने शोधावी. तारांतून हवेमार्गे येणारा विद्युत गोंगाट ओळखायला वेळ बघायची: तो शून्य क्षणाला येतो, तर खरा ध्वनी १०६ मिमी जाऊन आणि ६० मिमी परत येऊन साधारण ११० मायक्रोसेकंदांनी.

नियंत्रणं आणि निष्कर्ष

लायपोसोमही बदलले: हायड्रोजनेटेड सोया लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि पेग-लिपिड ५५:४०:५, ६० ते ६५ अंशांवर भिजवून १०० नॅनोमीटरच्या पडद्यातून काढलेले. ४१-४२ अंशांना ते डगमगत नाहीत. कॅल्सीन ७० मिलिमोलर, म्हणजे १० मिलीला सुमारे ४३६ मिलिग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर. एवढ्या गर्दीत रंग स्वतःची चमक दाबतो, बाहेर पडला की चमकतो. बाहेरच्या बफरचा परासरण दाब आतल्याशी जुळवला नाही तर पिशव्या ध्वनीशिवायच गळतात. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ऑस्मोमीटर असतो, तिथून मोजून आणावं. मोकळा रंग सेफाडेक्स जी-५० या, कण आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलच्या स्तंभाने काढायचा. शेवटी ट्रायटन या डिटर्जंटने सगळं फोडून त्याला १०० टक्के धरायचं, पण थंड झाल्यावर.

कुपी सहा तऱ्हांनी भरली गेली: ध्वनीविना बुडबुडे, बुडबुड्यांविना ध्वनी, दोन्ही, फक्त तेवढीच उष्णता तेवढाच वेळ, नुसता मोकळा कॅल्सीन ध्वनीत, कारण कोसळणारे बुडबुडे मुक्त मूलकं तयार करून रंगच मारू शकतात, आणि आधीच फोडलेले बुडबुडे ध्वनीत. शेवटच्यासाठी सिरिंजचं तोंड बंद करून दट्ट्या जोरात दाबायचा. दुधाळ द्रव काही सेकंदांत स्वच्छ होतो. त्यातून बुडबुड्यांच्या आवरणातल्या लिपिडचाच परिणाम वेगळा काढता येतो. तापमान बारीक थर्मोकपलने, ध्वनी बंद केल्यानंतर एक-दोन सेकंदांनी घ्यायचं. ध्वनी चालू असताना तार स्वतःच घासून तापते.

या मांडणीत चित्र बदललं. बुडबुड्यांविना गळती जवळजवळ थांबली. बुडबुड्यांसह ती आली, पण रेषांमधली जमीन उचलली गेली तेव्हाच, आणि थोडी. हे अपेक्षितच होतं. कोसळणाऱ्या बुडबुड्याचा हात त्याच्या आकाराच्या थोड्याच पटींपर्यंत पोचतो, आणि द्रवात मोकळ्या फिरणाऱ्या पिशव्यांपैकी त्या क्षणी तेवढ्या जवळ असणाऱ्या फार थोड्या.

पुढे दोन वाटा आहेत. एक, बायोटिन-अॅविडिन या एकमेकांना घट्ट धरणाऱ्या रेणूंच्या जोडीने लायपोसोम बुडबुड्यालाच चिकटवायचे, म्हणजे अंतराचा प्रश्न मिटतो. धुण्याची कटकट मात्र वाढते. दुसरी, मुक्ततेचा हट्ट सोडून बुडबुड्यांनी रक्तवाहिन्यांच्या भिंती तात्पुरत्या सैल करायच्या आणि औषध साधंच द्यायचं. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १० रुग्णांना जेमसिटाबिन या कर्करोगाच्या औषधासोबत सोनोव्ह्यू आणि सोनोग्राफीचं साधं यंत्र वापरून हेच केलं गेलं; निकाल २०१६ मध्ये आले. फिजिओ मशीनच्या पल्ल्याला आमच्या मते दुसरी वाट जास्त मानवते.

प्रकल्पाच्या प्रस्तावात निपाणी-चिकोडी या तंबाखूच्या पट्ट्यातल्या तोंडाच्या कर्करोगाचा उल्लेख आहे. गालातली गाठ बाहेरून हाताशी येते हे खरं, पण गालाच्या आत हवा असते, म्हणजे २४ कप्प्यांच्या प्लेटवरचीच परिस्थिती: परतणारी लहर, दुप्पट दाब, ठरावीक पातळ्यांवर. शेजारी जबड्याचं हाड, जे १ मेगाहर्ट्झचा ध्वनी झपाट्याने शोषून तापतं. गालाच्या आत वायुमुक्त पाण्याची मऊ पिशवी आणि तिच्यामागे शोषक धरल्याशिवाय तिथला कोणताही दाबाचा आकडा कागदावर लिहू नये. पुढची चाचणी बकऱ्याच्या गालाच्या ताज्या मांसावर ठरते: एक थर्मोकपल हाडाला टेकवून, दुसरं आतल्या त्वचेखाली, आणि ५ मेगाहर्ट्झचा प्रोब त्याच कोनात.